राजर्षींची राधानगरी आणि दारातले परडे

कोल्हापूरहून फोंडा घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर सुमारे पन्नास किलोमीटरवर राधानगरी लागते. भोगावती नदीला अडवणारी दगडी भिंत, पाठीशी दाजीपूरचे गव्यांचे अरण्य आणि पुढे नदीकाठाने पसरत गेलेला ऊस, असा हा मुलूख आहे. छत्रपती शाहूमहाराजांचे नाव निघाले की विद्यार्थ्यांची वसतिगृहे, राखीव जागांचा हुकूम आणि माणगावची परिषद आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या कारभाराचा आणखी एक धागा माती, पाणी आणि झाडे यांतून गेला आहे. राधानगरीत तो ठळकपणे दिसतो. रयतेच्या घरात वर्षभर अन्न कसे राहील, हा त्या धाग्यामागचा प्रश्न होता.

कागल ते करवीर

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. यशवंतराव हे त्यांचे मूळ नाव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे आणि आई राधाबाई. यशवंतराव अवघे तीन वर्षांचे असताना आईचे छत्र हरपले. अहमदनगरच्या किल्ल्यात चौथ्या शिवाजीमहाराजांचा करुण अंत झाल्यानंतर राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी या मुलाला दत्तक घेतले आणि कागलचा यशवंत करवीरचा शाहू छत्रपती झाला. दोनच वर्षांनी वडीलही गेले.

शिक्षणासाठी राजकोटचे राजकुमार कॉलेज आणि त्यानंतर धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेजर यांची देखरेख, अशी ही घडण होती. पुस्तकी अभ्यासाच्या जोडीला हिंदुस्थानभरचा प्रवास घडला. कुस्ती, शिकार आणि रानावनातली भटकंती यांचा ओढा तर उपजतच होता. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली, तेव्हा वयाची विशीही पूर्ण झाली नव्हती.

हाती आलेले राज्य सुमारे नऊ लाख लोकवस्तीचे होते, पण निसर्गाने ते दोन टोकांत विभागलेले होते. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत गगनबावड्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर पूर्वेला शिरोळच्या बाजूला त्याचा दहावा हिस्सा पडला तरी शेतकरी समाधान मानतो. पश्चिमेचे पाणी चार महिन्यांत नद्यांवाटे वाहून जाई आणि उरलेले आठ महिने दोन्हीकडच्या विहिरी तळ दाखवीत. भात, नाचणी, वरी किंवा जोंधळा यांपैकी जे काही पिके त्यावर वर्ष निभावायचे, अशी बहुतेक घरांची स्थिती होती.

दुष्काळाची शाळा

राज्य हाती येऊन पुरती तीन वर्षे होण्यापूर्वीच कसोटीची घडी आली. १८९६ मध्ये पावसाने दगा दिला. पाठोपाठ प्लेगची साथ आली आणि शतक संपता संपता देशव्यापी दुष्काळाने पुन्हा गाठले. तरुण राजा दौऱ्यावर निघाला. कोठारे उघडण्यात आली, बाहेरून धान्य आणून स्वस्त दराच्या दुकानांतून विकले गेले, शेतकऱ्यांना तगाई देण्यात आली आणि रस्ते व तलावांची कामे काढून लोकांच्या हाताला काम मिळाले. कामावर आलेल्या बायांच्या तान्ह्या मुलांसाठी निवारे उभारले गेले. वृद्ध आणि निराधारांसाठी आश्रम निघाले. गुरांसाठी सरकारी रानांतली वैरण मोकळी झाली.

संकट निभावले, पण त्यातून मिळालेला धडा महाराज विसरले नाहीत. दुष्काळात आधी धान्य संपते, मग बियाणे खाल्ले जाते, मग बैल विकला जातो. बैल गेला की पुढच्या वर्षी पाऊस पडला तरी नांगर चालत नाही. एका हंगामाचे अपयश अशा रीतीने कुटुंबाच्या कित्येक वर्षांचा घास घेते. ही साखळी तोडायची तर स्वस्त धान्याचे दुकान हा तात्पुरता उपाय होता. पाणी हाताशी असणे, एकाहून अधिक पिके घेता येणे, त्या पिकांना बाजार मिळणे आणि जमिनीवर कसणाऱ्याचा हक्क असणे, या चार गोष्टी जुळून आल्या तरच घर तगणार होते. महाराजांच्या पुढील वीस वर्षांच्या कारभारात या चारही गोष्टींचे प्रयत्न एकामागून एक दिसतात.

बाजाराची सुरुवात तर दुष्काळाच्या आधीच झाली होती. १८९५ मध्ये त्यांनी शाहूपुरीची पेठ वसवली. पुढे ही पेठ गुळाच्या व्यापाराचे मोठे केंद्र झाली आणि कोल्हापुरी गुळाचे नाव दूरवर पोहोचले. १९०६ मध्ये शाहू मिलची पायाभरणी होऊन कापसाला गिऱ्हाईक आणि गावाकडच्या हातांना रोजगार मिळण्याची सोय झाली.

भोगावतीवरची भिंत

१९०२ हे वर्ष महाराजांच्या आयुष्यात विशेष ठरले. सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठी ते इंग्लंडला गेले होते. त्याच वर्षी २६ जुलै रोजी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा त्यांचा हुकूम करवीर गॅझेटात प्रसिद्ध झाला. इतिहासाने हा हुकूम लक्षात ठेवला. परदेशातून परतल्यावर त्यांनी राज्याचे पाटबंधारे धोरणही आखले, याची आठवण मात्र कमी निघते. जुन्या विहिरी आणि तलावांची पाहणी झाली, दुरुस्त्या निघाल्या, नव्या विहिरींना उत्तेजन मिळाले. या छोट्या कामांबरोबरच एक मोठे स्वप्नही आकार घेऊ लागले. पश्चिमेला कोसळणारे पाणी डोंगरातच अडवून ते नदीवाटे उन्हाळ्यात सोडायचे, असे ते स्वप्न होते.

यासाठी दाजीपूरच्या पायथ्याची भोगावतीची खिंड निवडण्यात आली. १९०७ च्या सुमारास धरणाच्या कामाला हात घालण्यात आला. जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले आणि जवळच १९०८ मध्ये वसलेल्या गावाला महाराजांच्या कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांच्या नावावरून राधानगरी म्हटले जाऊ लागले. त्याच वर्षी अक्कासाहेबांचा विवाह देवासचे तुकोजीराव पवार यांच्याशी झाला. महाराजांच्या मातोश्रींचे नावही राधाबाईच होते. तीन वर्षांच्या मुलाला सोडून गेलेली आई आणि सासरी निघालेली लेक, दोघींचे नाव या गावाने धारण केले आहे.

आज यंत्रांच्या युगात या कामाचा आवाका ध्यानात येणे कठीण आहे. मुसळधार पावसामुळे वर्षातले चार महिने काम बंद. दगड फोडणे, चुना मळणे, वाहून नेणे हे सारे माणसांच्या आणि जनावरांच्या बळावर. शिवाय खर्च एका संस्थानाच्या तिजोरीतून. १९१८ पर्यंत भिंत सुमारे ४० फूट उंचीपर्यंत आली आणि खर्च १४ लाख रुपयांच्या घरात गेला. पुढे पैशांची ओढाताण होऊन काम थांबले.

डोंगरातले मळे

पाणी आले तरी त्यावर काय पिकवायचे, हा प्रश्न उरतोच. महाराज याबाबतीत प्रयोगशील होते. पन्हाळा आणि भुदरगडच्या डोंगराळ भागात त्यांनी चहा, कॉफी, वेलदोडे आणि रबर यांच्या लागवडीचे प्रयोग करवले. सह्याद्रीची ओलसर हवा, उताराची निचऱ्याची जमीन आणि झाडांची सावली यांचा मेळ दक्षिणेकडच्या मळ्यांच्या मुलखाशी जुळणारा होता. डोंगरउतारावर भात होत नाही आणि नाचणीचे पीक दोन-तीन वर्षांत जमीन थकवते. अशा जागी वर्षानुवर्षे उभी राहणारी झाडे लावली तर माती धरून ठेवली जाईल आणि पैसाही मिळेल, असा हिशेब त्यात बसतो. शेतकऱ्यांना सुधारलेली अवजारे पाहता यावीत यासाठी कोल्हापुरात किंग एडवर्ड अ‍ॅग्रिकल्चरल इन्स्टिट्यूटही त्यांनी काढली.

यांतले सारेच प्रयोग फळाला आले नाहीत. चहा किंवा रबर ही कोल्हापूरची ओळख झाली नाही. मळ्याच्या पिकाला नुसती हवा आणि माती पुरत नाही. पाने किंवा चीक काढल्यावर लगेच प्रक्रिया करावी लागते, कसबी मजूर लागतात, दूरचा बाजार लागतो आणि कित्येक वर्षे पदरचे पैसे घालून वाट पाहण्याची ताकद लागते. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला हे परवडणारे नव्हते. उसाचे तसे नव्हते. ऊस दारात पिकतो, गुऱ्हाळ बांधावर चालते आणि ढेप शाहूपुरीत विकली जाते. लोकांनी निवड केली ती या साध्या व्यवहाराने.

दाजीपूरचे रान हा याच मुलखातला आणखी एक वारसा. ते छत्रपतींचे शिकारीचे रान होते. राजाच्या शिकारीसाठी राखलेले म्हणून तिथली झाडे कुऱ्हाडीपासून वाचली. १९५८ मध्ये येथे गव्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले, १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ते राधानगरी अभयारण्य झाले. सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे हे जंगल २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले. कडेच्या गावांना या वारशाची किंमतही मोजावी लागते. रात्रीत शेतात उतरलेला गव्यांचा कळप उभे पीक तुडवून जातो.

जमीन कोणाची, वेळ कोणाचा

पाणी, पीक आणि बाजार या तिन्हींचा लाभ ज्याच्या नावावर जमीन आहे त्यालाच मिळतो. महाराजांच्या समाजसुधारणेचे आणि शेतीधोरणाचे नाते इथे उलगडते. महारवतनाची जमीन नावाला मिळकत होती. तिचे तुकडे भाऊबंदांत वाटले जाऊन हाती काही उरत नसे आणि त्या तुकड्याच्या बदल्यात संपूर्ण जमातीला गावाची व सरकारची चाकरी पिढ्यान्‌पिढ्या करावी लागे. १९१८ मध्ये महाराजांनी हे वतन रद्द करून जमिनी कसणाऱ्यांच्या नावे रयतावा करून दिल्या. त्याच सुमारास कुलकर्णी वतने काढून पगारी तलाठी नेमले गेले आणि वेठबिगारीलाही बंदी झाली.

वेठीचा हा मुद्दा शेतीच्या अंगाने पाहिला तर त्याचे मोल आणखी कळते. ज्या माणसाला केव्हाही हाक येऊ शकते आणि हातातले काम टाकून जावे लागते, त्याला स्वतःच्या वाफ्याला वेळेवर पाणी देता येत नाही. रोप लावणे एका दिवसाचे काम आहे, ते जगवणे रोजचे. वेठ बंद झाली तेव्हा गरिबाच्या घराला त्याचा स्वतःचा दिवस परत मिळाला. १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाल्याने त्याच घरातल्या मुलांना अक्षरे मिळाली. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाचा गौरव केला, त्याला या हुकुमांची पार्श्वभूमी होती.

अपुरी भिंत

१९१८ हे साल घरच्या दृष्टीने फार क्रूर ठरले. धाकटे पुत्र शिवाजी डुकराच्या शिकारीत अपघाताने गेले. वीस वर्षांचाही न झालेला मुलगा गमावल्याचे दुःख महाराजांना आतून पोखरीत राहिले. मधुमेहानेही शरीर जर्जर केले होते. तरीही दौरे, परिषदा, हुकूम यांत खंड पडला नाही. १९१९ मध्ये कानपूरच्या कुर्मी समाजाने त्यांना राजर्षी ही पदवी अर्पण केली. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७ वर्षांचे होते. भोगावतीवरची भिंत तेव्हा अपुरीच होती. आयुष्यभर ज्या पाण्याचा ध्यास घेतला, ते साठलेले पाणी पुऱ्या उंचीवर पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात. सुमारे साडेआठ अब्ज घनफूट पाणी साठवणाऱ्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीवर पोहोचले की ते आपोआप उघडतात आणि पावसाळ्यात पंचगंगेकाठची गावे त्यांच्या बातमीकडे कान लावून बसतात. उन्हाळ्यात सोडलेले पाणी नदीतून वाहत जाते, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे थांबते आणि तिथून उपसून शेतात घेतले जाते. महाराजांनी कल्पिल्याप्रमाणे डोंगरातला पाऊस वैशाखात रानात पोहोचू लागला.

परड्यातली विपुलता

या पाण्याने कोल्हापूर जिल्ह्याचा कायापालट केला. साखर कारखाने उभे राहिले, पक्की घरे बांधली गेली, मुले शिकली. पण एक गोष्ट नकळत बदलली. नदीकाठच्या शिवारात जिथे पूर्वी अनेक धान्ये, कडधान्ये आणि गळिताची पिके दिसत, तिथे हळूहळू ऊसच ऊस झाला. उसाला हमखास गिऱ्हाईक होते, म्हणून शेतकऱ्याचा निर्णय समजण्यासारखा आहे. मात्र घराचे वर्ष पुन्हा एकाच पिकावर येऊन टेकले. दुष्काळाच्या वर्षांनी जो धडा दिला होता, त्याचा अर्धा भाग पाण्याने सोडवला आणि उरलेला अर्धा शिवाराबाहेर गेला.

तो गेला घरामागच्या परड्यात. राधानगरी परिसरातल्या वाड्या-वस्त्यांवर घरामागे दोन-चार गुंठ्यांचा तुकडा असतो. न्हाणीच्या पाण्यावर केळी आणि अळू वाढतो. बांधाला फणस, आंबा, रातांबा, मधल्या उंचीला पेरू, लिंबू, शेवगा, कढीपत्ता, खाली हळद, आले, गवती चहा. दोडका, कारले, पडवळ आणि घेवडा मांडवावर चढतात, भोपळा उकिरड्याच्या कडेने पसरतो. तुळस, अडुळसा आणि जास्वंद देवासाठी, औषधासाठी आणि वेणीसाठी. हे सारे कुणी आखून लावलेले नसते. शेजारणीने दिलेली वाळकी शेंग, माहेरून आणलेला कंद, सासूने राखेत घोळून ठेवलेले बी, अशा देवघेवीतून ते जमत जाते आणि बहुतांशी बायकांच्या हातांनी सांभाळले जाते.

या छोट्या जागेचे उत्पन्न कोणत्याही सातबाऱ्यावर उमटत नाही, म्हणून ते कमी लेखले जाते. एकेका पिकाचा वेगळा उतारा काढला तर तो थोडाच भरेल. पण उंच झाडाने न घेतलेले ऊन खालच्या झुडपाला मिळते, झुडपाखालची सावली हळदीला मानवते, खोल मुळे आणि उथळ मुळे वेगवेगळ्या थरांतले पाणी घेतात, शेंगवर्गीय वेल जमिनीला नत्र देतात आणि पालापाचोळा तिथेच कुजतो. सगळ्याची बेरीज केली तर एवढीशी जागा वर्षाच्या प्रत्येक महिन्यात स्वयंपाकघराला काहीतरी देते. पावसाने भाजी कुजली तर अळू असतो, उन्हाने वाफा वाळला तर शेवगा असतो. सगळे एकदम कधी बुडत नाही, हेच या विविधतेचे खरे उत्पादन.

राधानगरीच्या शेजारी, भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांनी पुढे हाच विचार शास्त्राच्या पातळीवर नेला. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने शेतकऱ्यांना आपल्याच जमिनीवर प्रयोग करायला शिकवले. ऊन, पान आणि पाणी यांचा नीट हिशेब मांडला तर दहा गुंठ्यांत पाच माणसांच्या कुटुंबाचे चरितार्थ चालू शकेल, असे त्यांनी ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकातून मांडले. २००१ मध्ये ते गेले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानानेही बचतगटांच्या महिलांना पोषण परसबागांसाठी प्रोत्साहन दिले. ज्याला घरोघरीच्या बायका न सांगता करीत आल्या, त्याला शास्त्राची आणि सरकारची मान्यता मिळाली.

मात्र परडी आक्रसत आहेत. वाटण्या होतात, घराला खोली वाढते, अंगणात फरशी बसते, आठवडी बाजारातून पिशवीभर भाजी आणणे सोपे वाटते. एक परडे मोडले की त्यासोबत दोडक्याचे एखादे जुने वाण, घेवड्याचा एखादा रंग आणि तो केव्हा पेरायचा याची माहितीही जाते. ती परत आणण्यासाठी कोणतेही धरण पुरे पडत नाही.

शाहूमहाराजांनी पाण्यासाठी तिजोरी रिती केली, डोंगरात अनोळखी झाडे लावून पाहिली, कसणाऱ्याच्या नावे जमीन केली आणि त्याचा दिवस वेठीतून सोडवला. जलाशयाच्या मधोमध त्यांची बेनझीर व्हिला ही वास्तू उन्हाळ्यात पाणी उतरले की पुन्हा दिसू लागते. तिच्याभोवतीचे पाणी पुढे जिथे पोहोचते, तिथल्या घरांमागे अजूनही मांडवावर वेल चढलेले आहेत. भिंत बांधायला पन्नास वर्षे लागली. वेल मात्र दर मृगाला नव्याने लावावा लागतो.